विश्लेषण : चष्मा बसवून देणाऱ्यालाही सरकारी परवाना? अमेरिकेत त्याने पगार किती वाढतो?

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये चष्म्याच्या दुकानात ऑप्टिशियन म्हणून स्वतंत्रपणे काम करायचे तर राज्य सरकारचा परवाना लागतो. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात गेले, की त्याच कामाला परवाना लागत नाही. काम एकच, ग्राहकही तसेच. मग परवान्याने नेमके काय बदलते? निदान एका गोष्टीचे उत्तर अभ्यासकांच्या हाती लागले आहे, ते म्हणजे पगार.

ऑप्टिशियन म्हणजे नेमके कोण?

डोळ्यांची शस्त्रक्रिया करतो तो नेत्ररोगतज्ज्ञ. नंबर काढतो तो ऑप्टोमेट्रिस्ट. त्या नंबरप्रमाणे काच बनवून घेऊन, फ्रेम निवडून ती नाका-कानावर नीट बसवून देतो तो ऑप्टिशियन. आपण मात्र शेवटच्या दोघांना सरसकट ‘चष्मेवाला’ म्हणून मोकळे होतो. काम दिसते तेवढे सोपे नाही. दोन बुबुळांमधले अंतर किंवा प्रोग्रेसिव्ह काचेची उंची दोन-तीन मिलिमीटरने चुकली, तर नंबर बरोबर असूनही डोके दुखू शकते. पण चूक झाली तर काच बदलून मिळते. शस्त्रक्रियेसारखा कायमचा धोका इथे नसतो. परवान्याचा सगळा वाद या फरकाभोवती फिरतो.

परवाना मिळतो कसा?

अमेरिकेतल्या ५० पैकी साधारण २० ते २२ राज्यांत ऑप्टिशियनसाठी परवाना किंवा नोंदणी सक्तीची आहे. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्स, ओहायो ही त्यांतली काही. अटी राज्यागणिक वेगळ्या, पण साचा एकच : अभ्यासक्रम किंवा परवानाधारकाच्या हाताखाली उमेदवारी, मग परीक्षा, मग शुल्क.

आणि पगार?

अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड टिमन्स आणि अॅना मिल्स यांनी हाच प्रश्न घेऊन अभ्यास केला. परवाना असलेल्या राज्यांत ऑप्टिशियनची वार्षिक कमाई १६.९ टक्क्यांपर्यंत जास्त असल्याचे त्यांना आढळले. यातला ‘पर्यंत’ हा शब्द विसरू नये. तो कमाल आकडा आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये ऑप्टिशियनचे मध्यक वेतन, म्हणजे निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळते ते, वर्षाला सुमारे ४४ हजार डॉलर होते. त्यावर १६.९ टक्के म्हणजे जवळपास ७,४०० डॉलर. काउंटरवर उभे राहणाऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नाही.

न्यूयॉर्कसारख्या महागड्या राज्यात पगार तसेही जास्त असतात, त्यामुळे दोन राज्यांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढता येत नाही. कारण दोन्ही बाजूंनी सांगता येते. प्रशिक्षणाने हात बसतो, म्हणून मोबदला वाढतो, असे परवानाधारक म्हणतात. दाराशी उमेदवारी आणि परीक्षा उभी केली की आत येणारे कमी होतात आणि आत असलेल्यांचा भाव वाढतो, असे टीकाकार म्हणतात. दुसरे कारण जड वाटते, कारण परवान्यामुळे ग्राहकाला मिळणारी सेवा सुधारल्याचा फारसा पुरावा टिमन्स आणि मिल्स यांना मिळाला नाही.

न्यायालय काय म्हणते?

ओक्लाहोमाने १९५३ मध्ये कायदा केला : नेत्ररोगतज्ज्ञाच्या किंवा ऑप्टोमेट्रिस्टच्या चिठ्ठीशिवाय ऑप्टिशियनने फुटलेल्या काचेच्या जागी तशीच दुसरी काचही बसवायची नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५५ च्या ‘विल्यमसन विरुद्ध ली ऑप्टिकल’ निकालात न्या. विल्यम डग्लस यांनी मान्य केले, की ही अट अनेकदा अनावश्यक आणि खर्चिक ठरू शकते. पण फायद्या-तोट्याचा हिशेब करणे हे विधिमंडळाचे काम, न्यायालयाचे नव्हे. कायदा टिकला. तेव्हापासून असे नियम न्यायालयात पाडणे फार अवघड झाले आहे.

झळ बसते ती राज्य बदलणाऱ्यांना. नवऱ्याची किंवा बायकोची बदली झाली, की दहा वर्षांचा अनुभव असलेल्यालाही नव्या राज्याच्या अटी पुन्हा पार कराव्या लागू शकतात. अॅरिझोनाने २०१९ मध्ये, तिथे राहायला आलेल्यांचे इतर राज्यांतले परवाने मान्य करण्याचा कायदा केला. असे करणारे ते पहिले राज्य.

भारतात काय?

२०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात नेत्रविज्ञानाच्या गटात ऑप्टोमेट्रिस्ट आणि नेत्र सहायक यांचा समावेश आहे. फ्रेम बसवून देणाऱ्या दुकानदाराचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. आपल्याकडे अनेक दुकानांत मशीनवर नंबर काढणारा आणि फ्रेम बसवणारा एकच माणूस असतो. त्यातल्या पहिल्या कामाला पात्रतेची चौकट येते आहे. दुसरे काम अजूनही उस्तादाच्या हाताखालीच शिकले जाते.