टू-स्ट्रोक डर्ट बाईकचे गिअरबॉक्स ऑइल : निवडावे कसे, बदलावे कसे?

पावसाळा ओसरून तांबड्या मातीच्या वाटा वाळू लागल्या की चार महिने झाकून ठेवलेल्या डर्ट बाईक बाहेर निघतात. पहिल्याच चढणीवर काहींना एक चमत्कारिक अनुभव येतो. इंजिनाचा आवाज चढत जातो. पण मागचे चाक त्या मानाने ओढत नाही. गॅरेजमधले निदान ठरलेले असते : क्लच प्लेट गेल्या. नव्या प्लेट बसतात, खिसा हलका होतो आणि चार फेऱ्यांनंतर तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. अशा वेळी दोष प्लेटचा नसून त्या ज्या तेलात बुडालेल्या असतात त्या तेलाचा असू शकतो. एक लिटरपेक्षाही कमी भरणारे हे तेल टू-स्ट्रोक गाडीत सर्वांत दुर्लक्षित राहते. ते कोणते घ्यावे, केव्हा व कसे बदलावे आणि बाहेर काढलेल्या तेलावरून इंजिनाची प्रकृती कशी ओळखावी, याचा हा ऊहापोह.

दोन तेले, दोन कामे

पेट्रोल पंपावर पेट्रोलबरोबर मापाने ‘टू-टी’ ऑइल घालून घेणारी पिढी अजून आपल्या घराघरांत आहे. टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण म्हणजे तेच, ही समजूत तेव्हापासून रुजली. ती अर्धीच खरी आहे. टू-टी ऑइल पेट्रोलच्या संगतीने क्रँककेसमध्ये जाते; क्रँकची बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडर यांना वंगण पुरवते आणि शेवटी जळून धुराबरोबर बाहेर पडते. यामाहा आरएक्स १०० सारख्या गाडीत ते वेगळ्या टाकीतून पंपाद्वारे सोडले जाते. मोटोक्रॉसच्या बहुतेक टू-स्ट्रोक गाड्यांत मालकालाच ते पेट्रोलमध्ये मोजून मिसळावे लागते.

गिअरबॉक्स ही मात्र निराळी, बंद खोली आहे. तिच्यातील तेल जळत नाही, खर्च होत नाही. गिअरचे दात, शाफ्टची बेअरिंग आणि क्लच या तिघांना ते सांभाळते. या दोन तेलांची अदलाबदल करता येत नाही. टू-टी ऑइल गिअरच्या दातांवरचा दाब सोसण्यासाठी बनवलेले नसते आणि गिअरबॉक्सचे तेल स्वच्छ जळण्यासाठी बनवलेले नसते.

फोर-स्ट्रोक मोटारसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर यांना सहसा एकच तेल असते. ज्वलनाच्या काजळीने ते काळे पडते, म्हणून ते बदलण्याची आठवण राहते. टू-स्ट्रोकच्या गिअरबॉक्समध्ये काजळी शिरत नाही. त्यामुळे तेल वर्षानुवर्षे चालेल, असे वाटते. प्रत्यक्षात ते तीन कारणांनी लवकर थकते. पहिले कारण गिअरचे दात. ते तेलातील दाटपणा टिकवणाऱ्या लांब साखळीच्या रेणूंना अक्षरशः कातरतात आणि तेल हळूहळू पातळ होत जाते. दुसरे कारण क्लच. टू-स्ट्रोक इंजिनाची खरी ताकद फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यात असते. त्या पट्ट्यात राहण्यासाठी चालक चढणीवर, चिखलात सतत क्लचशी खेळतो. त्या घर्षणाची उष्णता आणि प्लेटचा झिजलेला भुगा दोन्ही तेलातच उतरतात. तिसरे कारण पाणी. ओढा ओलांडताना तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड होतो, आतील हवा आकसते आणि हवेच्या नळीचे तोंड पाण्यात असेल तर पाणी आत ओढले जाते.

बाटलीवर काय वाचावे?

निवडीचा पहिला निकष ब्रँड नव्हे, क्लच आहे. डर्ट बाईकचा क्लच तेलात बुडालेला असतो. तेलाने गिअर गुळगुळीत ठेवावेत. पण क्लच प्लेटची पकड मात्र सोडवू नये, अशी ही दुहेरी अपेक्षा आहे. तिच्यासाठी जपानी मोटारवाहन मानकांतील ‘जासो टी ९०३’ हे मानक उपयोगी पडते. बाटलीच्या मागे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असे लिहिलेले असेल, तर ते तेल ओल्या क्लचसाठी तपासलेले आहे, असे समजावे. यांपैकी एमए२ ची पकड अधिक असते. डर्ट बाईकसाठी तेच पाहावे.

आपल्याकडे खरा सापळा आहे तो ‘एमबी’चा. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा असतो. त्यामुळे स्कूटरच्या इंजिन ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये चालतात आणि अशा बाटलीवर ‘जासो एमबी’ असे लिहिलेले असते. घरोघरी स्कूटर असलेल्या गोव्यात ही बाटली प्रत्येक दुकानात सहज मिळते. तिच्यावरचा १०डब्ल्यू-३० हा आकडाही मोटारसायकलच्या तेलासारखाच असतो. आकडा पाहून ती उचलली की क्लच घसरू लागतो. इंधनबचतीचा दावा करणारी मोटारीची पातळ तेलेही याच कारणासाठी टाळावीत.

दाटपणाचा आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावा. यामाहाच्या वायझेड मालिकेसाठी १०डब्ल्यू-४० किंवा तिच्या जवळची श्रेणी, तर केटीएम ३०० ईएक्ससीसाठी १५डब्ल्यू-५० ही श्रेणी रूढ आहे. म्हणजे मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक इंजिन ऑइलच येथे गिअर ऑइल म्हणून वापरले जाते. ‘टू-स्ट्रोक गाडीत फोर-स्ट्रोकचे तेल कसे?’ असा प्रश्न दुकानदार विचारील; त्याला गिअरबॉक्ससाठी हवे आहे, एवढे सांगावे.

काही कंपन्या ‘७५डब्ल्यू’ किंवा ‘८०डब्ल्यू’ असे लिहिलेले खास ट्रान्समिशन ऑइल विकतात. हा आकडा पाहून ते तेल कित्येक पटींनी दाट असल्याचा समज होतो. तसे नाही. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. त्या पट्टीवरचे ८०डब्ल्यू प्रत्यक्षात इंजिन ऑइलच्या नेहमीच्या श्रेणींच्याच आसपास येते. ते ओल्या क्लचसाठी बनवलेले आहे, याची बाटलीवर खात्री करावी म्हणजे झाले. मोटारी व ट्रकच्या डिफरन्शियलमध्ये घालतात ते ९० क्रमांकाचे जीएल-५ तेल मात्र येथे नको. गंधक व फॉस्फरसयुक्त संयुगांचे त्यातील जादा प्रमाण क्लचसाठी ठरवलेले नसते आणि काही प्रकारांत पितळ व कांस्याच्या भागांनाही ते मानवत नाही.

सिंथेटिक की मिनरल, हा वाद येथे दुय्यम आहे. सिंथेटिकमुळेच क्लच घसरतो, हा समज चुकीचा. घसरवतात ती घर्षण कमी करणारी द्रव्ये. सिंथेटिक तेल उष्णता अधिक सोसते, हे खरे. तथापि क्लचचा भुगा महागड्या तेलातही तेवढाच पडतो. म्हणून वर्षातून एकदा महाग तेल घालण्यापेक्षा योग्य दर्जाचे साधे तेल वारंवार बदलणे गाडीच्या हिताचे आहे.

केव्हा बदलावे?

डर्ट बाईकचा हिशेब किलोमीटरचा नसून तासांचा असतो. शर्यतीत किंवा गाळात कसून चालवणारे चालक चार-पाच तासांनीच तेल बदलतात. सैल हाताने डोंगरवाटांवर फिरणाऱ्यांना दहा ते वीस तासांचे अंतर पुरते. नवी गाडी असेल किंवा क्लच प्लेट नव्या बसवल्या असतील, तर पहिल्या फेरीनंतरच तेल काढावे. नव्या प्लेट बसवण्याआधी त्याच तेलात काही तास भिजत ठेवाव्यात. गाडी पाण्यात बुडाली असेल, तर मात्र तास मोजू नयेत. त्याच दिवशी तेल बदलावे. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीत दमट हवेतील बाष्प साठलेले असते. हंगामाची सुरुवात नव्या तेलाने करावी, ती एवढ्याचसाठी.

बदलण्याची रीत

इंजिन चार-पाच मिनिटे चालवून कोमट करावे. गरम तेल वाहते आणि तळाशी बसलेला गाळही सोबत घेऊन येते. गाडी बंद करून स्टँडवर सरळ उभी करावी. तेल भरण्याच्या टोपणाभोवतीची व खालच्या ड्रेन बोल्टभोवतीची माती आधी ब्रशने व फडक्याने काढून टाकावी. चिऱ्याच्या मातीचे बारीक कण आत पडले तर बेअरिंगच्या दृष्टीने ती सँडपेपरची पूडच.

आधी वरचे टोपण सैल करावे, म्हणजे हवा आत शिरून तेल सरळ धारेने उतरते. नंतर ड्रेन बोल्ट सोडावा. येथे घाई नको. इंजिनाच्या पोटाशी ड्रेन बोल्टसारखाच दिसणारा, गिअर जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगचा बोल्टही असू शकतो. तो चुकून सोडला तर स्प्रिंग बाहेर येते आणि गिअर पडणे बिघडते. माहितीपुस्तिकेतील आकृती पाहून खात्री झाल्यावरच पान्याला हात घालावा.

तेल थेट मोरीत किंवा मातीत न सोडता स्वच्छ भांड्यात धरावे. धार थांबली की गाडी थोडी दोन्ही बाजूंना कलवून उरलेले तेल उतरू द्यावे. बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा लोखंडी भुगा पुसून घ्यावा. वॉशर नवा घालावा. बोल्ट बसवताना सर्वांत महाग चूक होते ती जोर लावण्याची. इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे असते. लांब दांड्याच्या पान्याने आवळले की आटे जातात आणि पन्नास रुपयांचे काम हजारोंत जाते. केटीएमच्या बारा मिलिमीटरच्या ड्रेन बोल्टसाठी २० न्यूटन-मीटर एवढाच आवळ सांगितलेला असतो. टॉर्क रेंच नसेल तर आखूड पाना घेऊन बोल्ट टेकल्यावर थोडाच घट्ट करावा.

नवे तेल अंदाजाने न ओतता मोजून घालावे. वायझेड २५० ला बदलताना सुमारे ७५० मिलिलिटर, तर ३०० ईएक्ससीला सुमारे ८०० मिलिलिटर लागते. एक लिटरची बाटली अख्खी ओतण्याचा मोह टाळावा. तेल जास्त झाले तर क्लच पुरता सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही आणि जादा तेल हवेच्या नळीतून बाहेर येते. कमी पडले तर गिअर व क्लच तापतात. टोपण लावून इंजिन दोन मिनिटे चालवावे, बंद करून थोडे थांबावे आणि पातळी दाखवणाऱ्या बोल्टमधून किंवा काचेतून खातरजमा करावी.

जुने तेल काय सांगते?

बहुतेक जण येथवर येऊन जुने तेल टाकून देतात. वास्तविक इंजिन न उघडता आतली बातमी देणारा हा एकमेव साक्षीदार असतो. तो तीन प्रश्नांची उत्तरे देतो : रंग कसा आहे, वास कसला येतो आणि माप किती भरले?

रंग करडा, किंचित चंदेरी असेल तर क्लच व गिअरची नेहमीची झीज समजावी. बोटांना टोचतील असे कण किंवा दाताचा तुकडा निघाला, तर गाडी पुढे चालवू नये. चहात दूध घातल्यासारखे तेल पांढुरके झाले असेल, तर आत पाणी आहे. ओढ्याचे पाणी असेल तर एक-दोनदा तेल बदलून ते जाते. पाण्यात न उतरताही तेल पांढुरके होत असेल आणि रेडिएटरमधील कूलंट कमी होत असेल, तर वॉटर पंपाचे सील गळत आहे.

मापाची गोष्ट अधिक महत्त्वाची. गिअरबॉक्स आणि क्रँककेस यांच्यामध्ये क्रँकवर एक रबरी सील असते. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये पोकळी निर्माण होते. सील झिजले असेल तर ती पोकळी गिअरबॉक्सचे तेल ओढून घेते आणि ते सिलिंडरमध्ये जळते. गाडी तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर, वारंवार काळा पडणारा प्लग आणि बाहेरून कोठेही गळती नसताना ८०० पैकी ५५० मिलिलिटरच निघालेले तेल या तीन खुणा एकत्र आल्या, तर निदानाला वाव उरत नाही. उलट पिस्टन खाली येताना पेट्रोलचे मिश्रण गिअरबॉक्सकडे ढकलले जाऊ शकते. मग तेल पातळ निघते आणि त्याला पेट्रोलचा वास येतो.

ही खूण वेळेवर कळली तर सील बदलून भागते. न कळली तर गिअरबॉक्स कोरडा पडत जातो. शिवाय मॅग्नेटोच्या बाजूचे सीलही बहुधा त्याच वयाचे असते. ते गेले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातले पेट्रोल आणि त्याबरोबर वंगणही कमी पडते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जखडतो. भर वेगात मागचे चाक अडकले तर चालकाच्या जिवावरही बेतू शकते. म्हणून प्रत्येक वेळी निघालेले तेल मोजावे आणि तारीख, तास व माप वहीत टिपून ठेवावे.

उरलेल्या तेलाचे काय?

वाळवी लागू नये म्हणून जुने काळे तेल वाशांना, कुंपणाच्या खांबांना फासण्याची सवय आपल्याकडे आहे. पहिल्या पावसात ते धुऊन मातीत जाते आणि आपल्या विहिरी त्याच मातीत आहेत. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांच्या कक्षेत येते. ते त्याच रिकाम्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, जुने तेल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे. त्यात पेट्रोल किंवा रॉकेल मिसळू नये.

या साऱ्या कामाला अर्धा तास पुरतो. एक पाना, एक मोजपात्र, एक वॉशर आणि ‘एमए२’ लिहिलेली बाटली एवढेच साहित्य लागते. क्लच प्लेटचा नवा संच घेण्याआधी हा अर्धा तास अवश्य द्यावा.