शिरगणतीने काय विचारावे : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सर्व जातींची नोंद आगामी खानेसुमारीत घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने बहुतांश देशासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी मुक्रर झाली. तेव्हापासून आमच्या कोल्हापुरातील राजारामपुरीत, जनता बाजारच्या चौकात असो वा एखाद्या गल्लीच्या कोपऱ्यावर असो, या विषयावर जी चर्चा ऐकू येते, तीत तीन अगदी निरनिराळे प्रश्न एकत्र कालवले जातात. सरकारने जात विचारावी काय, अमेरिकेप्रमाणे वंश विचारावा काय, आणि इंग्लंडप्रमाणे लैंगिक कल विचारावा काय, हे ते तीन प्रश्न होत. या तिन्हींस एकच उत्तर देण्याचा आग्रह धरला, की गैरसमजांस वाव मिळतो. आणि ज्या शहराने या देशातील सामाजिक न्यायाचा एक आरंभबिंदू पाहिला, त्या शहरात तरी हा विषय ऐकीव माहितीवर सोडून देणे मला उचित वाटत नाही.

पहिला समज असा, की खानेसुमारीत जात विचारणे ही काही अभूतपूर्व गोष्ट आहे. वास्तविक १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या प्रत्येक दशवार्षिक गणनेत जातीची नोंद झाली. १९४१ मध्येही ती विचारली गेली, परंतु महायुद्धाच्या धामधुमीत तिचे कोष्टकीकरण झाले नाही. १९५१ मध्ये स्वतंत्र भारताने हा स्तंभ गाळला, तोही संपूर्णपणे नव्हे, कारण अनुसूचित जाती व जमातींची नोंद तेव्हापासून आजतागायत अव्याहत चालू आहे. म्हणजे जी माहिती घेतली जात नव्हती, ती केवळ उरलेल्या जातींची.

याच समजाचा अधिक गंभीर अवतार असा, की जात विचारल्यानेच जातीयता बळावते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण त्यास इतिहासाचा आधार आहे. १९०१ चे खानेसुमारी आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची केवळ मोजदाद न करता त्यांची सामाजिक श्रेष्ठकनिष्ठतेनुसार प्रतवारी लावण्याचे ठरवले, आणि त्यासरशी आपणांस वरच्या पायरीवर बसवावे म्हणून देशभरच्या जातिसभांनी सरकारकडे अर्जविनंत्यांचा पाऊस पाडला. मालवणास जन्मलेले थोर समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात खानेसुमारीच्या या परिणामावर कठोर टीका केली, आणि ती रास्त होती. परंतु त्या अनर्थाचे मूळ प्रतवारीत होते. जातींची संख्या, त्यांचे शिक्षण आणि त्यांची उपजीविका यांची नोंद ही त्याहून वेगळी बाब आहे. शिवाय १९५१ नंतर सात दशके सरकारने बहुसंख्य नागरिकांस जात विचारली नाही, म्हणून विवाहाच्या जाहिरातींतून वा निवडणुकीच्या उमेदवारीतून ती नाहीशी झाली, असे कोणीही प्रामाणिक मनुष्य म्हणणार नाही.

कोल्हापूरच्या दप्तरात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सापडतात. २६ जुलै १९०२ रोजी छत्रपती शाहू महाराजांच्या हुकुमाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व अन्य पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व, अशी या वर्गांची व्याख्याही त्याच हुकुमात दिलेली होती, आणि कोणत्या वर्गाचे किती लोक सरकारी चाकरीत आहेत हे ठाऊक असल्यावाचून असा हुकूम काढणे व त्याची अंमलबजावणी तपासणे अशक्यच होते. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान आदी समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी येथे जी वसतिगृहे उभी राहिली आणि अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये जे मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्यांमागेही कोणता समाज शिक्षणास पारखा झाला आहे याची नेमकी जाण होती. उलटपक्षी, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींची नावे सरकारी यादीत चढवली, त्या यादीच्या बळावर निरपराध माणसांस चावडीवर वा पोलीस ठाण्यावर नित्य हजेरी द्यावी लागे, आणि १९१८ मध्ये ही हजेरी आपल्या संस्थानात बंद करणारे राजेही शाहू महाराजच होते. एकाच राज्यकर्त्याने एका ठिकाणी जातीचा विचार करून दार उघडले आणि दुसऱ्या ठिकाणी जातीच्या यादीचा जाच संपवला. यात विसंगती मुळीच नाही, कारण त्यांची कसोटी एकच होती : नोंदीने माणसाचे हित होते की त्याच्यावर पाळत बसते.

आकडेवारी नसली तरी सरकारचे काम अडत नाही, हा समज तर आपल्या महानगरपालिकेच्या अनुभवानेच खोटा ठरवला आहे. मंडल आयोगाने इतर मागासवर्गीयांचे प्रमाण ५२ टक्के धरले, ते १९३१ च्या आकड्यांवरून केलेले अनुमान होते. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या संदर्भात प्रत्यक्ष माहिती गोळा केल्यावाचून इतर मागासवर्गीयांस आरक्षण देता येणार नाही, असा निकाल दिला. कोल्हापूर महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती, आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली पाच वर्षे शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. या विलंबास महामारी व प्रभागरचनेचे वादही कारणीभूत होते हे खरे, तथापि विश्वसनीय आकड्यांचा अभाव हे त्यातील एक ठळक कारण होते, हे विसरून चालणार नाही.

२०११ मध्येच जातगणना झाली होती, मग पुन्हा कशाला, असेही विचारले जाते. ती सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणी १९४८ च्या जनगणना कायद्याखाली झालेली नव्हती आणि तिची जातविषयक माहिती कधी प्रसिद्धही झाली नाही. १९३१ मध्ये देशात ४,१४७ जातींची नोंद होती. २०११ च्या पाहणीत जाती, पोटजाती, गोत्रे व आडनावे मिळून सुमारे ४६ लाख नावे जमा झाली, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगितले. एकट्या महाराष्ट्रात, जेथे अधिकृत यादीतील मागास जातींची संख्या ४९४ आहे, तेथे ४,२८,६७७ नावे निघाली. कारण उघड आहे : आधीपासून निश्चित केलेली यादी हाती न देता, जे कानी पडेल ते लिहून घेण्यात आले. आपल्या जिल्ह्यात पाटील हे आडनाव मराठ्यांत आहे, जैनांत आहे, लिंगायतांतही आहे. तेव्हा जातीच्या रकान्यात पाटील लिहिणाऱ्या गणकाने कोष्टकात नेमके काय भरले, हे कोणास सांगता येईल? यावर उपाय म्हणजे पूर्वतयारीने सिद्ध केलेली याद्यांची संहिता व गणकांचे कसून प्रशिक्षण, आणि ही तयारी न करता केलेली जातगणना मला न केलेल्या गणनेइतकीच निरुपयोगी वाटते.

आणखी एक भ्रम कुणबी दाखल्यांच्या वादामुळे अलीकडे फार फैलावला आहे, तो असा, की खानेसुमारीत जी जात सांगू तिचा दाखला आपोआप मिळेल. तसे काहीही होत नाही. जातीचा दाखला सक्षम अधिकारी कागदपत्रे पाहून देतात आणि त्याची छाननी जात पडताळणी समिती करते. खानेसुमारीतील वैयक्तिक नोंद मात्र जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमान्वये गुप्त राहते, ती कोणास पाहता येत नाही आणि सामान्यतः न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. सारांश, खोटी जात सांगून वैयक्तिक लाभ शून्य, आणि समाजाचे आकडे मात्र नासतात.

वंशाच्या प्रश्नाकडे वळल्यावर विवेचन आटोपते घेता येते. जात म्हणजेच वंश, हे रिस्ले यांचे मत नाकांच्या मोजमापावर उभे होते. घुर्ये यांनी तीच मापे तपासून तो सिद्धान्त साऱ्या देशास लागू पडत नसल्याचे दाखवले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘दि अनटचेबल्स’ या ग्रंथात त्याच मापांचा आधार घेऊन, अस्पृश्य हे वंशाने निराळे आहेत ही कल्पना खोडून काढली. अमेरिकेत १७९० च्या पहिल्या गणनेपासून वंशाची नोंद होते, तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ‘एशियन इंडियन’ या चौकटीत खूण करावी लागते, कारण तेथील गुलामगिरीचा व भेदभावाचा इतिहास वर्णाच्या नावाने घडला. आपल्याकडील अन्याय जातीच्या नावाने झाला. म्हणून येथे जात विचारण्यास प्रयोजन आहे, वंश विचारण्यास नाही.

लैंगिक कलाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि त्यात पहिली गफलत होते ती लिंग व कल यांना एकच मानण्याची. २०११ च्या गणनेत स्त्री व पुरुष यांच्या जोडीस ‘इतर’ हा पर्याय होता आणि त्यात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. ती लिंगाची नोंद होती. कोणाचे प्रेम कोणावर जडते, याच्याशी तिचा संबंध नव्हता. सौंदत्तीच्या यल्लम्मेला सोडलेले जोगते आपल्या भागास अपरिचित नाहीत. अशा जोगत्याच्या घरात कुटुंबप्रमुखाने ‘पुरुष’ असे सांगून टाकले, की ती व्यक्ती कोष्टकातून नाहीशी होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांचा आपले लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा ही नोंद अवश्य व्हावी, आणि ती त्या व्यक्तीच्याच तोंडून व्हावी.

परंतु लैंगिक कल विचारणे ही पुढची पायरी होय. इंग्लंड व वेल्समध्ये २०२१ साली हा प्रश्न सोळा व त्यावरील वयाच्या लोकांस विचारला गेला, तो ऐच्छिक होता, आणि घरच्यांना कळू न देता स्वतंत्र पत्रक भरण्याची सोय होती, तरीही ७.५ टक्के लोकांनी उत्तर दिले नाही, तर ३.२ टक्के लोकांनी आपण भिन्नलिंगी कलाचे नसल्याचे सांगितले. आपल्याकडे समलिंगी संबंधांवरील फौजदारी कलंक ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने दूर झाला, पण गणनेची रीत जुनीच आहे. गणक दारी येतो, घरातील एक माणूस साऱ्यांची उत्तरे देतो, आणि बाकीचे ऐकत असतात. ज्या मुलाने आईवडिलांस काही सांगितलेले नाही, त्याच्या वतीने वडीलच उत्तर देणार असतील, तर ते उत्तर खोटे तरी ठरेल किंवा घातक तरी. अशा गणनेतून अत्यल्प आकडा निघेल आणि असे लोक येथे नाहीतच, असे म्हणणाऱ्यांच्या हाती तो आयताच पडेल. म्हणून हा प्रश्न आजच्या खानेसुमारीत नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो आधी ऐच्छिक व निनावी नमुना पाहण्यांतून विचारला जावा, आणि प्रत्येकास स्वतंत्र, खाजगी उत्तर देण्याची सोय झाल्यावरच त्याचा पुनर्विचार व्हावा.

जनगणना कायद्याने या देशातील घरांचा संकोच पूर्वीच ओळखला आहे. आठव्या कलमान्वये प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक असले, तरी घरातील स्त्रीचे नाव सांगण्याची कोणावर सक्ती नाही, आणि स्त्रीवर पतीचे नाव उच्चारण्याचीही नाही. १९४८ मध्ये जो कायदा एवढा संकोच जपू शकला, त्याने आज तृतीयपंथी व्यक्तीस स्वमुखाने बोलण्याची मुभा देणे अवघड नसावे.

राजारामपुरीतील माझ्या शेजाऱ्यांस एवढीच विनंती आहे : फेब्रुवारी २०२७ मध्ये गणक दारी येईल तेव्हा जातीच्या ठिकाणी आडनाव न सांगता जातच सांगा, ज्याची नोंद व्हायची त्याला शक्य तेथे स्वतः बोलू द्या, आणि लिहिलेले वाचून दाखवण्यास सांगूनच त्यास निरोप द्या.