सोडियम, पॉन्स आणि पालटलेला स्वभाव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रक्तातले सोडियम फार उतरलेला रुग्ण उपचारांनी शुद्धीवर येतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि दोन ते सहा दिवसांत तो पुन्हा खालावतो. जीभ जड होते, घास उतरत नाही, तोल जातो. कधी त्याआधीच स्वभाव पालटतो. हा ऑस्मॉटिक डिमायलिनेशन सिंड्रोम असू शकतो. यात ब्रेनस्टेममधील पॉन्स या भागात चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण नष्ट होते. १९५९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कॉल यांनी दारूचे व्यसन व कुपोषण असलेल्या रुग्णांत हा विकार प्रथम वर्णिला.

गैरसमज: सोडियम जितक्या लवकर वाढेल तितके चांगले.
वस्तुस्थिती: सोडियम दोन दिवसांहून अधिक काळ कमी राहिले की मेंदूच्या पेशी आतली काही द्रव्ये सोडून जुळवून घेतात. ती पुन्हा साठण्याआधी सोडियम झपाट्याने वाढले, तर मायलिन बनवणाऱ्या पेशी मरतात. म्हणून २४ तासांतली वाढ लिटरमागे ८ ते १० मिलिमोलच्या आत ठेवतात. व्यसन, कुपोषण, यकृतविकार किंवा पोटॅशियमची कमतरता असल्यास ८च्या आत. झटके येत असतील, तर सुरुवातीची थोडी वाढ मात्र तातडीनेच करावी लागते.

गैरसमज: पॉन्सचा संबंध फक्त हालचालींशी.
वस्तुस्थिती: मोठ्या मेंदूकडून लहान मेंदूकडे जाणारे संदेश पॉन्समधूनच जातात. सावधपणा आणि मनःस्थिती सांभाळणाऱ्या काही पेशीसमूहांचे ठिकाणही हेच. काही रुग्णांत मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया या भागांनाही इजा होते. त्यामुळे लक्ष टिकत नाही, विचार मंदावतो, कामाचा क्रम लागत नाही. नैराश्य, उन्माद, भास, कॅटाटोनिया (हालचाल व बोलणे थिजण्याची अवस्था) हेही दिसू शकतात.

गैरसमज: कारण नसताना हसतो-रडतो, म्हणजे नाटक करतो.
वस्तुस्थिती: भावना व्यक्त होण्यावरचा मेंदूचा ताबा सुटलेला असतो. मनात दुःख नसतानाही रडू फुटते. त्यावर रागावून उपयोग नाही. नैराश्यावरची काही औषधे यातही उपयोगी पडतात.

गैरसमज: एमआरआय स्वच्छ आला, म्हणजे आजार मनाचा.
वस्तुस्थिती: सुरुवातीच्या दिवसांत एमआरआयमध्ये काहीच न दिसणे शक्य आहे. लक्षणे कायम असतील तर दोनेक आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

गैरसमज: बोलत नाही, म्हणजे त्याला समजत नाही.
वस्तुस्थिती: ‘लॉक्ड-इन’ अवस्थेत रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, हलतात ते फक्त डोळे. त्याच्या खाटेशी उभे राहून तो ऐकत नसल्यासारखे बोलू नये.

गैरसमज: यातून कोणी सावरत नाही.
वस्तुस्थिती: पहिली वर्णने शवविच्छेदनातून आली, म्हणून हा समज रुजला. प्रत्यक्षात अनेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत बरेच सावरतात. मात्र पाय चालू लागले तरी स्मरण, एकाग्रता आणि मनःस्थिती मागे राहू शकते. फिजिओथेरपीइतकीच या तिन्हींची तपासणीही मागून घ्या. रुग्णाला आळशी किंवा हट्टी ठरवण्याआधी न्यूरॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांचाही सल्ला मिळणे हा त्याचा हक्क आहे.