मांजराचा जिना

मांजर उंचावर चढते ते खोडी म्हणून नव्हे. वरून सारी खोली दिसते आणि मागून कोणी येण्याची भीती नसते. नव्या घरात तर ही जागा फारच लागते. बाबांची बदली झाली की आमची मनी पलंगाखाली दडते आणि जेमतेम खाते. म्हणून सुट्टीत घरी असलो, तर सामान लावताना मी आधी तिचा जिना रचतो.

क्वार्टरच्या भिंतीला भोके पाडावी लागत नाहीत. सामानाच्या ट्रंका भिंतीला टेकवून रचाव्यात: आधी एक, शेजारी दोन, मग कपाट. दोन पायऱ्यांत फूट-दीड फूट अंतर पुरते. पत्रा गुळगुळीत असतो, म्हणून वर जुनी सतरंजी घट्ट बांधावी. टेबलाच्या पायाला काथ्या गुंडाळला की नखे घासायची सोय होते.

मांजराची नखे मागे वळलेली असतात. चढताना ती रुततात, पण डोके खाली करून उतरताना पकड मिळत नाही. म्हणून उतरायलाही पायऱ्याच हव्यात. प्रत्येक ट्रंक हाताने दाबून पाहावी. डगमगली तर पुन्हा रचावी. जिना खिडकीजवळ असेल, तर आधी खिडकीला जाळी बसवावी.