एका परिचारिकेकडे किती रोगी?

रुग्णालयात पडलेल्या माणसाचे चोवीस तास कसे जातात, याचा हिशोब आपण कधी केला आहे काय? डॉक्टर सकाळी येतात, संध्याकाळी येतात, खाटेपाशी पाच-सात मिनिटे थांबतात आणि पुढच्या रोग्याकडे जातात. उरलेला सगळा वेळ परिचारिकेचा. ताप तिने पाहायचा, नाडी तिने मोजायची, सलाईन संपत आले की तिने बदलायचे, ठरल्या वेळी ठरलेले औषध तिने द्यायचे. ज्याला आपल्या हाताने कुशीवर वळता येत नाही त्याला थोड्याथोड्या तासांनी तिने वळवायचे, नाहीतर पाठीला जखमा होतात. आणि या सगळ्याहून मोठे काम म्हणजे नुसते लक्ष ठेवणे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आतून रक्तस्राव सुरू झाला, तर तो काही ओरडून सांगत नाही. नाडी जरा जलद होते, अंग जरा गार लागते, माणूस जरा बेचैन होतो. हे ‘जरा’ ज्या बाईच्या ध्यानात येते ती डॉक्टरांना बोलावून घेते. ध्यानात आले नाही, तर सकाळपर्यंत उशीर झालेला असतो.

मग असे लक्ष एका बाईने एका वेळी किती जणांवर ठेवावे? आम्हा परीक्षकांनाही एका दिवसात किती उत्तरपत्रिका तपासायच्या याला मर्यादा असते. शेवटच्या मुलाला पहिल्याइतका न्याय मिळावा एवढाच तिचा हेतू. उत्तरपत्रिकेची ही काळजी, तर जिवंत माणसाची किती असावी? पण हा आकडा रुग्णालयाच्या चालकांवर सोडला की तो पगाराच्या खर्चावरून ठरतो. परिचारिकांवर सोडावा, तर एकट्यादुकट्या बाईचे ऐकतो कोण? इथे संघटनेचा प्रश्न येतो.

या बाबतीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची हकीकत समजून घेण्यासारखी आहे. तिथली परिचारिकांची संघटना जुनी, 1903 सालची. पगार आणि कामाचे तास यांसाठी चालकांशी सामुदायिक वाटाघाटी करण्यास तिने 1946 सालीच आरंभ केला होता. मात्र तिच्या कारभारात दीर्घकाळ वरिष्ठांचे, म्हणजे ज्या बायका इतर परिचारिकांवर देखरेख करीत त्यांचे, वजन असे. मेट्रनबाईंच्या अध्यक्षतेखाली मेट्रनबाईंविरुद्ध ठराव कसा मांडायचा, ही अडचण आपल्याही लक्षात येईल.

1990 नंतर तिथल्या रुग्णालयांना विमा कंपन्यांचा रेटा जाणवू लागला. उपचाराचे किती पैसे देणार हे कंपन्या आधीच घासाघीस करून ठरवू लागल्या, आणि चालकांची नजर साहजिकच पगाराच्या रकान्याकडे गेली. शिकलेल्या परिचारिका कमी करायच्या आणि त्यांची काही कामे थोडक्या शिक्षणाच्या मदतनिसांकडे सोपवायची, असा परिपाठ पडला. मदतनीस वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. पण ‘नाडी 110’ असे कागदावर लिहिणे वेगळे आणि ती 110 का झाली हे उमगणे वेगळे. तेव्हा 1993 साली वॉर्डात प्रत्यक्ष राबणाऱ्या परिचारिकांनी निवडणुकीने संघटना आपल्या ताब्यात घेतली. दोनच वर्षांनी, 1995 मध्ये, त्यांनी परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेशी असलेला संबंधही तोडून टाकला.

यानंतर त्यांनी जी मुख्य मागणी पुढे केली ती पगाराची नव्हती. एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती रोगी, हा आकडा सरकारने बांधून द्यावा, अशी ती होती. एका गव्हर्नरांनी असे विधेयक 1998 मध्ये परत पाठवले. पुढच्याच वर्षी नवे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी तशाच विधेयकावर सही केली. त्यात नुसते तत्त्व होते. आकडे आरोग्यखात्याने ठरवायचे होते, आणि मग जो सौदा झाला तो मंडईला शोभणारा! साध्या वॉर्डासाठी रुग्णालयांची संघटना म्हणाली, एका परिचारिकेमागे दहा रोगी. परिचारिका म्हणाल्या, तीन. खात्याने आधी सहा आणि वर्षभराने पाच असे ठरवले. अतिदक्षता विभागात दोनच, लहान मुलांच्या विभागात चार, शस्त्रक्रियेच्या खोलीत एकास एक. जानेवारी 2004 पासून हे नियम अमलात आले.

पण तोवर गव्हर्नर बदलले होते. चित्रपटांतून आडदांड नायकाची कामे करणारे अर्नोल्ड श्वार्झनेगर आता त्या खुर्चीवर होते. त्यांनी 2004 च्या नोव्हेंबरात सहावरून पाचवर येण्याचे पाऊल 2008 पर्यंत लांबणीवर टाकले. स्त्रियांच्या एका परिषदेत त्यांच्या भाषणाच्या वेळी परिचारिकांनी फलक धरले, तेव्हा ही मंडळी म्हणजे स्वार्थी गट आहेत, अशा अर्थाचे ते बोलून गेले. परिचारिकेला स्वार्थी म्हणणे हे राजकारण्याला परवडत नाही, मग तो पडद्यावर कितीही बलदंड असो. परिचारिका त्यांच्या सभांबाहेर, भोजनसमारंभांबाहेर फलक घेऊन उभ्या राहू लागल्या. मार्च 2005 मध्ये न्यायालयाने त्यांची स्थगिती बेकायदा ठरवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी मतदारांपुढे ठेवलेले चारही प्रस्ताव फेटाळले गेले. पाचाचा आकडा कायम राहिला.

आता आपण विचाराल, या आकड्याने रोग्याचे भले झाले काय? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकेन यांनी 2002 मध्ये आपल्या राज्यातील 168 रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन लाख बत्तीस हजारांवर शस्त्रक्रियेचे रोगी होते. परिचारिकेच्या वाट्याला एक रोगी अधिक आला की तीस दिवसांत मृत्यू येण्याचा संभव सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो, असे त्यांना आढळले. चारऐवजी आठ रोगी दिले, तर केवढा फरक पडेल ते आपणच पाहा. पुढे 2010 मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियाची दोन राज्यांशी तुलना केली. न्यू जर्सीत कॅलिफोर्नियाइतक्या परिचारिका असत्या, तर शस्त्रक्रियेनंतरचे सुमारे 14 टक्के मृत्यू टळले असते, असा त्यांचा हिशोब आहे.

सगळेच पुरावे असे स्वच्छ नाहीत. कायद्यापूर्वीचे आणि नंतरचे कॅलिफोर्निया ताडून पाहणाऱ्यांना, खाटेवरून पडणे किंवा पाठीला जखमा होणे यांत ठळक सुधारणा दिसली नाही. उलट परिचारिकांना कामावर होणाऱ्या इजा मात्र सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटल्याचे 2015 च्या एका अभ्यासात आढळले. रोगी उचलताना कंबर धरणे ही या धंद्यातली नेहमीची व्याधी. दोघीजणी मिळून उचलू लागल्या की ती कमी होणारच.

खरा आक्षेप संपाचा आहे, आणि तो मला टाळता येत नाही. गिरणी बंद पडली तर कापड उशिरा निघेल. वॉर्ड कसा बंद ठेवायचा? न्यूयॉर्क राज्यातील 1984 ते 2004 या काळातल्या परिचारिकांच्या संपांचा दोघा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. संपाच्या दिवसांत रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे 18 टक्क्यांनी वाढलेले त्यांना दिसले. बदली परिचारिका आणूनही फारसा फरक पडला नव्हता. संघटनेच्या कैवाऱ्यांनी हा आकडा लपवू नये, कारण परिचारिकेवाचून काय होते याचाच तो दाखला आहे. अमेरिकन कायद्यात 1974 पासून अशा संपाची दहा दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. तेवढ्या अवधीत नवे रोगी घेणे थांबवता येते, गंभीर रोग्यांना दुसरीकडे हलवता येते. दुसऱ्या बाजूला, कॅलिफोर्नियातील ज्या रुग्णालयांत परिचारिकांची संघटना होती तिथे हृदयविकाराच्या झटक्याने येणारे मृत्यू 5.5 टक्क्यांनी कमी असल्याचे 2004 च्या एका अभ्यासात आढळले. तेव्हा संप वेगळा आणि संघटना वेगळी. माझ्या मते कायद्यातल्या आकड्याचे मोठेपण यातच आहे. तो नसेल तर दर खेपेला संपाची धमकी द्यावी लागते. तो असेल तर सहावा रोगी घेऊन येणाऱ्याला परिचारिका नियमावर बोट ठेवून ‘नाही’ म्हणू शकते.

सर्वत्र हे साधले असे नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात 2018 मध्ये हाच प्रश्न थेट मतदारांपुढे गेला. लहान रुग्णालये बंद पडतील, असा प्रचार चालकांनी केला, आणि दहांपैकी सात मते विरुद्ध पडली. ओरेगॉन राज्याने मात्र 2023 मध्ये असे प्रमाण कायद्यात घातले.

आपल्याकडचा झगडा एक पायरी अलीकडचा होता. पुण्यामुंबईच्या खासगी रुग्णालयांत केरळच्या मुली आपण पाहतोच. त्यांच्या राज्यात 2011-12 मध्ये संप झाले ते तुटपुंजा पगार आणि अडकवून ठेवलेली प्रमाणपत्रे यांवरून. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासाहून कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान 20,000 रुपये मासिक पगार असावा, अशी शिफारस केली. केरळ सरकारने 2018 मध्ये तो किमान दर म्हणून जाहीर केला.

कॅलिफोर्नियातली एक लहानशी गोष्ट सांगायची राहिली. कायदा लागू होताच रुग्णालयांच्या संघटनेने न्यायालयात विचारले की, परिचारिका जेवायला किंवा हातपाय धुवायला गेली, तर तेवढ्या वेळापुरते तिचे रोगी शेजारणीकडे दिले तर चालेल ना? आरोग्यखात्याचे म्हणणे होते की प्रमाण सर्व वेळ पाळले पाहिजे. 2004 मध्ये न्यायालयाने खात्याचेच म्हणणे मान्य केले. त्यामुळे तिथल्या वॉर्डांत इतरांना जेवणासाठी सोडवायला एखादी जादा परिचारिका नेमावी लागते. ती एकीचे पाच रोगी अर्धा तास सांभाळते, ती परत आली की दुसरीचे घेते, मग तिसरीचे.