पार्किंगमधलं विमान

*उडताना काय होईल, याची धास्ती सगळ्यांनाच असते. पण हौसेनं घरी बनवलेलं विमान नुसतं उभं असताना चेपलं, तर बिल कोण भरणार?*

मे महिन्यातली संध्याकाळ. ऑफिस सुटतं, आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो आणि पार्किंगमधल्या झाडाची फांदी कडाडून खाली येते. नेमकी तुमच्या बाइकवर! टाकी चेपलेली, आरसा गायब, हेडलाइटचा चुरा. तोंडातून पहिला शब्द जो निघायचा तो निघतो आणि मग प्रश्न पडतो, 'इन्शुरन्स आहे ना?' आहे. पण कसला? नुसता थर्ड पार्टी असेल तर विसरा, तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. वादळ, गारा, पडलेलं झाड या सगळ्यासाठी 'ओन डॅमेज' कव्हर लागतं.

आता बाइकच्या जागी विमान ठेवून बघा. तेही विकत घेतलेलं नाही. तुम्ही स्वतः, रात्री जागून, एकेक रिव्हेट ठोकून बनवलेलं!

हसू नका. अशी माणसं आपल्याकडे आहेत.

गच्चीवरून धुळ्यापर्यंत

कॅप्टन अमोल यादव हे नाव आठवत असेल. पेशानं वैमानिक असलेल्या या माणसानं कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएकडून त्याला व्हीटी-एनएमडी हा नंबर मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत झेपावलं.

या तारखांकडे जरा नीट बघा. प्रदर्शन ते पहिलं उड्डाण, मध्ये साडेचार वर्षं. म्हणजे घरगुती विमानाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा काळ आकाशात जातच नाही. तो जातो गच्चीवर, शेडमध्ये, हँगरच्या कोपऱ्यात. ऊन, पाऊस, उंदीर, रिव्हर्स घेणारा टेम्पो, 'जरा बसून बघू का' म्हणणारे पाहुणे, सगळ्यांशी सामना तिथेच होतो.

आणि वारा! ३१ मार्च २०११ ला अमेरिकेत फ्लोरिडातल्या लेकलँडला 'सन अँड फन' हा हौशी वैमानिकांचा मेळावा भरला होता. दुपारी चक्रीवादळ आलं आणि दोरांनी बांधून ठेवलेली विमानं खेळण्यासारखी उलटीपालटी करून गेलं. विमानाचे पंख असतातच मुळी हवा लागली की वर उचलायला. त्यांना कसं कळणार, आज सुट्टी आहे ते?

आपल्याकडचं बघायचं तर यवतमाळजवळ भारीला धावपट्टी आहे. तिथे उघड्यावर एखादं हौशी विमान उभं आहे, असं समजा. विदर्भातली फेब्रुवारी-मार्चची गारपीट शेतकऱ्याला विचारा. २०१४ साली तिनं विदर्भ-मराठवाड्यातली उभी पिकं झोपवली होती. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

फुलसावंगीची रात्र

याच यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचं गाव आहे. तिथला ऐन विशीतला, पत्र्याची आणि वेल्डिंगची कामं करणारा एक मुलगा हेलिकॉप्टर बनवत होता. गाव त्याला मुन्ना म्हणायचं, हेलिकॉप्टरचं नावही तेच. शाळा लवकर सुटलेली, शिक्षण इंटरनेटवरच्या व्हिडिओंवरून. १५ ऑगस्टला ते सगळ्यांना दाखवायचं ठरलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये, त्या दिवसाच्या जेमतेम काही दिवस आधी, रात्री चाचणी घेताना मागचं पातं तुटलं, ते मुख्य पंख्यावर आदळलं आणि पंख्याचा मार थेट त्याच्या डोक्याला बसला. मुन्ना गेला.

ते हेलिकॉप्टर तेव्हा उडत नव्हतं. जमिनीवरच होतं.

ही गोष्ट इथे सांगायचं कारण एवढंच, की 'अजून उडवलंय कुठे? मग कशाला हवेत कागद?' हा विचार अगदी नैसर्गिक असतो, आणि तोच फसवा असतो. वर्कशॉपमध्ये जोडलेल्या यंत्राला नंबर नसतो, लॉगबुक नसतं, तपासणारा इन्स्पेक्टर नसतो. त्यामुळे इन्शुरन्सही नसतो. आपण या सगळ्याला लाल फीत म्हणून नाकं मुरडतो. पण प्रत्येक सहीमागे एक परका डोळा असतो, जो विचारतो, 'हे पातं कशाचं? चाचणी घेताना तू कुठे उभा राहणार?' घरच्या कौतुकात हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पॉलिसीत नक्की काय असतं?

बाइकचा इन्शुरन्स मोबाइलवर दोन मिनिटांत होतो. विमानाचा तसा होत नाही. त्याला 'हल' इन्शुरन्स म्हणतात. प्रत्येक केस वेगळी तपासली जाते, बहुतेकदा ब्रोकरमार्फत. कव्हरचे ढोबळ टप्पे तीन: विमान जमिनीवर उभं असताना, जमिनीवर चालताना आणि उडताना. विमान अजून बांधून व्हायचं असेल किंवा परवानगीची वाट बघत असेल, तर नुसतं पहिल्या टप्प्याचं कव्हर मागता येतं. जोखीम कमी, म्हणून प्रीमियमही कमी. इथेच बरेच जण चुकतात. 'उडायला लागलं की बघू' म्हणतात आणि वादळ आधी येतं.

दुसरा फंडा किमतीचा. बाइकची आयडीव्ही दरवर्षी घसरते. विमानाच्या पॉलिसीत सहसा आधीच ठरलेली किंमत लिहिलेली असते. प्रीमियम वाचवायला ती कमी सांगायचा मोह होतो. थांबा, जरा हिशेब करू.

समजा, विमानावर तुमचे ४० लाख गेलेत, पण इन्शुरन्स काढलाय २५ लाखांचा. गारपिटीत पंख चेपले, रिपेअरचा खर्च १५ लाख. तुम्हाला वाटतं, कंपनी १५ लाख देईल. पण कंपनी बघते की इंजिन आणि मीटर शाबूत आहेत, भंगारातही त्यांचे १४ लाख येतील. मग ती विमान 'टोटल लॉस' ठरवते, तुमच्या हातावर २५ लाख ठेवते आणि विमान घेऊन जाते. ते विकून तिचा निव्वळ खर्च ११ लाख! कायद्यानं सगळं चोख. तुमच्या हाती मात्र २५ लाख आणि रिकामी शेड. विमान परत हवं असेल तर ते भंगाराच्या भावानं विकत घ्या.

आणि त्या रात्रींचं काय? तीन हजार तास राबलात, त्याचं बिल कोणाकडे आहे? मजुरीची पावती नसेल, तर इन्शुरन्सच्या लेखी ती मेहनत शून्य. म्हणून जगभरचे हौशी विमान बांधणारे एक साधी गोष्ट करतात. रोजची वही लिहितात: तारीख, तास, काय केलं, सोबत फोटो. पॉलिसी काढताना किंमत ठरते ती या वहीवर. नुकसान झाल्यावर रिपेअर स्वतःच करणार असाल, तर मजुरी कुठल्या दरानं मिळेल, हेही आधीच विचारून, लिहून घ्यायचं.

डेंट दिसतो तेवढाच नसतो

बाइकचा पत्रा ठोकून, पुट्टी भरून, कलर मारला की झालं. विमानात पुट्टी म्हणजे स्वतःलाच टोपी घालणं. पंखाच्या टोकाला धक्का बसला, तर त्याचा मार आतल्या मुख्य दांड्यापर्यंत जाऊ शकतो. रिव्हेटच्या भोवती काळी रेघ दिसली, की समजायचं तो सैल झालाय, आत हलतोय. फायबरचं विमान असेल तर वरून एक ओरखडाही दिसत नाही आणि आतले थर सुटलेले असतात. त्यावर तपासणी अगदी आजीच्या पद्धतीची. माठ घेताना बोटानं वाजवून बघतात ना, तसं नाणं घेऊन टकटक वाजवत जायचं. आवाज खणखणीत तर ठीक, बद्द आला तर गडबड.

अमेरिकेत विमानाचा मोठा भाग स्वतः बांधणाऱ्याला त्या एका विमानाची वार्षिक तपासणी करून सही करण्याचा परवाना मिळतो. तेच विमान सेकंडहँड घेणाऱ्याला तो मिळत नाही. तर्क सोपा आहे. ज्यानं बांधलं, त्याला त्याची नस न् नस माहीत. पण धोका पण तिथेच. आपल्या पोराचा ताप आपल्याला साधाच वाटतो. म्हणून स्वतः रिपेअर केलंत, तरी तपासायला दुसरं कोणीतरी बोलवा.

वादळानंतरचा पहिला तास

- काहीही हलवू नका. आधी फोटो आणि व्हिडिओ, चहूबाजूंनी. दोर आणि खुंट्यांचे सुद्धा. विमान नीट बांधलेलं होतं, हा पुरावा तोच.
- आणखी नुकसान थांबवा. ताडपत्री टाका, बॅटरी काढा. केलेल्या खर्चाची पावती ठेवा.
- लगेच कळवा, फोननं आणि लेखी दोन्ही. सर्व्हेयर येईपर्यंत ठोकाठोकी बंद.
- 'झीज' आणि 'अपघात' यातला फरक पॉलिसीत वाचा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी अनेकदा कव्हरमध्ये बसत नाहीत.
- प्रोपेलरला मार बसला असेल तर नुसता प्रोपेलर बदलून भागत नाही, इंजिनही तपासून घ्या.

यातलं निम्मं तुमच्या बाइकलाही लागू आहे, बरं का! आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे किरकोळ ग्राहकांच्या क्लेमसाठी सर्व्हेयर चोवीस तासांत नेमायचा असतो आणि त्याचा रिपोर्ट पंधरा दिवसांत यायला हवा. कोणी टोलवाटोलवी केली तर हे आकडे तोंडावर फेकायला बरे पडतात.

तुम्ही काही उद्या गच्चीवर विमान बांधणार नाही, मान्य. पण प्रत्येकाकडे एखादी अशी गोष्ट असतेच, जिच्यावर पैशांपेक्षा जास्त रात्री गेल्यात. कोणाचा होम स्टुडिओ, कोणाची जुनी येझदी. तिची एक वही सुरू करा, आज रात्रीच. आणि पॉलिसी शेवटची कधी वाचली होती, तेही आठवून बघा.

आणि हो, उद्यापासून त्या झाडाखाली पार्क करू नका!