काजूच्या टरफलातील तेल : उद्योगाला वरदान, हाताला चटका

मराठवाड्यात बिब्बा कोणाला माहीत नाही? पिंगळी-परभणी भागात टाचेच्या भेगांना किंवा दुखऱ्या सांध्याला बिब्बा लावणारे आजही आहेत, आणि तो उतला की अंगावर फोड घेऊन दवाखान्यात येणारेही. काजू हा याच बिब्ब्याचा भाऊबंद. आंबाही त्याच कुळातला. बिब्ब्यातील गोडंबी जशी खाण्याजोगी आणि वरचे कवच जहाल, तसेच काजूचे आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी काजू गोव्यात आणला. आज सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूरच्या चंदगड-आजरा भागात त्यावर अनेक घरे चालतात. काजूच्या टरफलाच्या आत मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या असतात. त्यांत लालसर तपकिरी, दाट तेल भरलेले असते. टरफलाच्या वजनाच्या साधारण पाव भाग हे तेलच असते.

ताज्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल सर्वांत जास्त असते. तापवल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल तयार होते. कार्डानॉलच्या रेणूचे एक टोक फिनॉलचे. ते फॉर्मल्डिहाइडशी जोडले की उष्णतेला न वितळणारे कडक रेझिन बनते. दुसरीकडे 15 कार्बनची लांब शेपटी. तिच्यामुळे रेझिन ठिसूळ होत नाही आणि पाणी धरत नाही. म्हणूनच ते वाहनांच्या ब्रेक लायनिंगमध्ये, वॉर्निशमध्ये आणि जहाजांच्या गंजरोधक रंगांत वापरतात. लाकडाला वाळवी लागू नये म्हणूनही हे तेल लावतात. तेल काढून उरलेला चोथा भट्टीत जळणाला जातो.

हेच तेल कातडीवर पडले की मात्र जळजळ होते, कातडी काळी पडून सोलवटते. काहींना एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ आणि फोड येतात. ही ॲलर्जी एकदा जडली की पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. काजू फोडण्याचे काम बहुतेक महिला करतात. हाताला तेल किंवा राख लावण्याची त्यांची रीत चांगली, पण पुरेशी नाही. हातमोजे हवेतच. काजू आधी वाफवल्यास तेल टरफलातच राहते आणि भाजण्याचा डोळे-घसा झोंबवणारा धूर टळतो.

कोकणातून कच्च्या काजूबिया आणल्या असतील, तर घरात भाजू नयेत आणि दाताने तर मुळीच फोडू नयेत. मुलांच्या हाती देऊ नयेत. तेल लागल्यास चोळू नका. लगेच साबणाने व भरपूर पाण्याने धुवा, नखेही स्वच्छ करा. त्या हाताने चेहऱ्याला स्पर्श करू नका. डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे पाण्याची धार सोडा आणि थेट रुग्णालय गाठा. फोड फोडू नका, त्यावर चुना किंवा पालापाचोळा बांधू नका.

कामात बिब्बा घालणे असे आपण म्हणतो. काजूच्या कामात तो टरफलातच असतो. तो हातावर येऊ न देणे ही कामगाराइतकीच मालकाचीही जबाबदारी आहे.